टेकन ८: सगळं आहे, फक्त मागं सरकायला जागा नाही

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाई असलेले सुटतील. टेकन ८ घ्या. सेल लागला असेल तर डोळे झाकून घ्या, पूर्ण किंमत मोजणार असाल तर खालची बडबड वाचून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये हा गेम आला, मी त्याच वर्षी पीसीवर घेतला आणि अजून खेळतोय. मारामारीच्या गेममध्ये इतका देखणा आणि इतका ऐवज असलेला दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही. द गेम अवॉर्ड्समध्ये २०२४ चा सर्वोत्तम फायटिंग गेम म्हणून त्यालाच बक्षीस मिळालं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. तरी त्याच्यावर माझा एक जुना-नवा राग आहे. हा गेम माणसाला मागं सरकू देत नाही.

मागं सरकण्याचं एवढं काय कौतुक, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठीच हे लिहितोय. बाकीचे मान हलवत असतील.

मी मिरजेचा. आता चिंचवडला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, पण टेकन शिकलो ते मिरजेत. एका जुन्या वाड्याच्या ढेलजेत एका मामांनी चार प्लेस्टेशन मांडले होते. चार टीव्ही, चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यातल्या एकाचा रंग कायम हिरवट. तासावर पैसे. मशीन चिप बसवलेली, सीडी कॉपी केलेल्या आणि त्यावर मार्करनं नावं. कुस्तीचा गेम होता, गाड्यांचा होता, पण शनिवारी दुपारी चारपैकी तीन टीव्हींवर टेकन ३ च. नियम एकच: हरला तो उठला, आणि पैसे त्याचेच. जिंकणारा फुकटात बसून राहायचा. त्यामुळं तिथं हरण्याला रोख किंमत होती, आणि आज ऑनलाइन हरताना जो निवांतपणा असतो तो तेव्हा कुणाकडं नव्हता.

मोकुजिनला सगळे लाकड्या म्हणायचे. कुमा म्हणजे अस्वल. शेवटचा ओगर म्हणजे राक्षस. फॉरेस्ट लॉ म्हणजे ब्रूस ली. त्याला लॉ म्हणणारा मला तिथं कुणी भेटला नाही. योशिमित्सू स्वतःच्याच पोटात तलवार खुपसायचा तेव्हा अख्खी ढेलज ओरडायची, आणि तो वार फसून स्वतःच मेला की त्याहून मोठ्यानं.

आणि एडी. टेकन ३ खेळलेल्या कुठल्याही माणसाला एडी गोर्डोचं नाव काढा, तो एकतर हसेल नाहीतर चिडेल. ब्राझीलच्या कापोएराचा हा गडी. त्याच्या हालचाली मेस्त्रे मार्सेलो परेरा या खऱ्या कापोएरा गुरूच्या अंगावरून टिपलेल्या होत्या, म्हणून त्या आजही बनावट वाटत नाहीत. पण आम्हाला त्याचं काय! आम्हाला एवढंच कळलं होतं की लाथांची दोन्ही बटणं दणादण दाबत राहिलं की एडी हातांवर उलटा होऊन फिरत राहतो आणि समोरच्याला उठूच देत नाही. पहिल्यांदा कंट्रोलर हातात धरलेलं पोरगं एडी घेऊन मुरलेल्याला हरवायचं. शेवटी मामांनी भिंतीवर कागद चिकटवला: "एडी घेऊ नये. भांडण झाल्यास दोघांनाही बाहेर काढले जाईल."

माझ्या मते टेकनचं सगळं यश त्या कागदात आहे. या गेमला दार इतकं सताड उघडं आहे की कुणीही आत येतं, आणि आत गेल्यावर खोली संपतच नाही.

दार उघडं आहे ते बटणांमुळं. स्ट्रीट फायटरमध्ये हलका, मधला, जोरकस असे ठोसे आणि तशाच लाथा, म्हणजे सहा बटणं. वर गोळा फेकायचा तर जॉयस्टिक पाव गोल फिरवा. सेगाच्या १९९३ च्या व्हर्च्युआ फायटरनं मारामारी त्रिमितीत आणली, पण तिथं ठोसा, लाथ आणि बचाव अशी वाटणी. टेकननं काय केलं, तर चार बटणं चार अवयवांना देऊन टाकली. डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर वरची दोन हातांची, खालची दोन पायांची. सांगायला अर्धं मिनिट लागतं. आणि बचावाला बटणच नाही. दांडी मागं ओढली की बचाव. म्हणजे "मागं" ही दिशा या गेममध्ये पहिल्या दिवसापासून दोन कामं करते, वाचवते आणि अंतर देते. माझं रडगाणं पुढं याच्यावरच येणार आहे, लक्षात ठेवा.

नामको या जपानी कंपनीनं पहिला टेकन १९९४ मध्ये आर्केडला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर, आणला. दिग्दर्शक सेइइची इशिई; हा माणूस त्याआधी सेगात व्हर्च्युआ फायटरवर काम करून आलेला, त्यामुळं साम्य योगायोगाचं नाही. खरी हुशारी पडद्यामागं होती. आर्केडचं ते मशीन, सिस्टिम ११, प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेलं होतं. परिणाम असा की १९९५ मध्ये घरच्या प्लेस्टेशनवर जो टेकन आला तो आर्केडसारखाच दिसत होता. त्या काळी आर्केडचा गेम घरी आणताना निम्मा जीव वाटेतच जायचा, इथं उलट पात्रं वाढून आली. दहा लाख प्रती खपलेला प्लेस्टेशनचा पहिला गेम म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. टेकन २ पाठोपाठ आला, त्यावर मी वेळ घालवत नाही. चांगला आहे, पण आज खेळायला बसलात तर उड्या चंद्रावर मारल्यासारख्या वाटतात.

टेकन ३ नं त्या उड्या जमिनीवर आणल्या. आर्केडला १९९७, प्लेस्टेशनला १९९८. वर किंवा खाली हलकंसं टिचकवलं की गडी पडद्याच्या आत किंवा बाहेरच्या बाजूला पाऊल टाकतो, आणि हे आता प्रत्येकाला जमत होतं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण समोरून पॉल फिनिक्स त्याचा तो उजवा ठोसा घेऊन येतोय, बसला तर तिसरा हिस्सा जीव जाणार, आणि तुम्ही नुसतं एक पाऊल बाजूला होता. ठोसा हवेत. पॉलचा हात अजून सरळ, पाठ अर्धी वळलेली, आणि तुमच्याकडं वेळच वेळ. हे पहिल्यांदा जमलं की माणूस बटणं बडवायची सोडतो. एडीवाले तिथंच अडकायचे. त्याच्यापासून दोन पावलं लांब राहिलं, फिरणं संपेपर्यंत थांबलं आणि मग एकच खालची लाथ घातली, की एडी आडवा. मामांचा कागद पुढं कुणी फाडला नाही, पण तो पाळायची गरज उरली नव्हती.

गोष्टीचं सांगायचं तर ती आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. भाऊबंदकी आहे. हेइहाची मिशिमानं पाच वर्षांच्या काझुयाला कड्यावरून फेकलं. काझुया मोठा होऊन आला, बापाला हरवलं आणि त्याच कड्यावरून खाली सोडलं. दुसऱ्या भागात बापानं परत येऊन पोराला ज्वालामुखीत टाकलं. तिसऱ्यात काझुयाचा मुलगा जिन आला, राक्षसाला मारून दमलेल्या नातवावर आजोबांनीच गोळी झाडली. पाचव्यात आजोबांचा बाप जिनपाची उगवला. सहाव्यात जिन घराण्याच्या कंपनीचा मालक झाला आणि त्यानं जगाविरुद्ध युद्ध पुकारलं. सातव्यात काझुयानं हेइहाचीला लाव्हारसात सोडलं, आता मेला म्हणून गेम बनवणाऱ्यांनी सांगितलं, आणि आठव्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये हेइहाची परत आला, तोही वेगळे पैसे घेऊन. सातबाऱ्यावरून एवढी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली केस मिरजेच्या कोर्टातही नसेल.

मधले भाग भराभर घेतो. टेकन टॅगमध्ये दोघांची जोडी करून खेळायचं, ते प्लेस्टेशन २ घरी असलेल्या मित्राकडं. टेकन ४ नं जमीन उंचसखल केली आणि चारी बाजूंनी भिंती आणल्या. भिंती राहिल्या, उंचवटे गेले, बरं झालं. टेकन ५ च्या डिस्कवर पहिल्या तिन्ही टेकनच्या आर्केड आवृत्त्या दिलेल्या होत्या, असली दानत आता बघायला मिळत नाही. कॉलेजात माझ्याकडं कन्सोल नव्हता. हॉस्टेलवर पीसीत एम्युलेटर, म्हणजे प्लेस्टेशनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून परत टेकन ३ च, एक जण कीबोर्डच्या डावीकडं, एक उजवीकडं, आणि तीनपेक्षा जास्त बटणं एकदम दाबली की कीबोर्ड मुका. एका पोराकडं पीएसपी, म्हणजे हातात धरायचा प्लेस्टेशन होता, त्यावर टेकनचंच डार्क रिझरेक्शन. तो झोपला की आमची पाळी. टेकन ६ आणि टॅग २ मध्ये एकदा हवेत उडवलं की समोरचा किती वेळ खाली येतच नाही, हे बघत बसायचं. टॅग २ मध्ये पन्नासच्या वर पात्रं होती आणि ती सगळी लक्षात ठेवणं ही नोकरीच होती.

मग टेकन ७. आर्केडला २०१५, घरी २ जून २०१७. माझ्यासाठी ही मालिका इथं पुरी पिकली. १ कोटीच्या वर प्रती खपल्या, त्यात माझी एक. दोघांचाही जीव संपत आलाय, दोघांनी एकाच क्षणी वार काढला, की गेम आपणहून वेळ ताणतो. कॅमेरा जवळ जातो, मूठ जबड्याकडं सावकाश सरकते आणि घरातले सगळे, ज्यांना गेम कळत नाही तेही, श्वास धरून बघतात. माझी आई भाजी निवडता निवडता थांबायची. "कोण मेलं?" असं विचारून पुन्हा निवडायला लागायची.

पण ७ मधली खरी मजा होती ती अंतराची. मागं-मागं दाबलं की गडी झटकन मागं सरकतो, पण लगेच दुसऱ्यांदा सरकत नाही, मध्ये अडकतो. कोरियन खेळाडूंनी त्यातली फट शोधली: मधेच खाली-मागं टिचकवून ते अडकणं कापायचं आणि पुन्हा सरकायचं. हे नीट जमलेला माणूस बर्फावर असल्यासारखा मागं घसरत जातो. समोरचा वार करतो, वार वीतभर अलीकडं संपतो, आणि त्या रिकाम्या क्षणात शिक्षा. सगळा हिशोब सेकंदाच्या साठाव्या हिश्शाचा. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, सर्वात चपळ ठोसा दहा चित्रांत लागतो. मी दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बोअरचे व्यास तपासतो, दोन मायक्रॉनवरून ऑपरेटरशी वाद घालतो; मला या हिशोबाचा नाद लागला त्यात नवल नाही.

मिशिमांचा विजेचा ठोसा हे त्या हिशोबाचं टोक. पुढं दाबा, सोडा, खाली, मग खाली-पुढं, आणि त्या खाली-पुढंच्या नेमक्या त्याच चित्रात उजव्या हाताचं बटण. जुळलं तर मुठीतून निळी वीज निघते आणि समोरच्यानं अडवलं तरी पुढची चाल तुमचीच. सेकंदाच्या साठाव्या हिश्शाची चूक झाली तर साधा ठोसा, आणि मग मार खा. माझ्या डाव्या अंगठ्याच्या पेराला या ठोशानं घट्टा पाडला. डाव्या बाजूनं उभा असेन तर जमतो, उजव्या बाजूला गेलो की हात परका होतो.

या थांबून खेळण्याचा सर्वात मोठा वस्ताद आपल्या शेजारच्या देशात निघाला. लाहोरचा अर्सलान अॅश. टेकनच्या जगात कोरिया आणि जपान सोडून कुणाला मोजत नव्हते तेव्हा २०१९ मध्ये हा, व्हिसाच्या अडचणींतून वाट काढत, आधी जपानची इव्हो, म्हणजे मारामारीच्या गेमांची मोठी स्पर्धा, जिंकून गेला आणि त्याच वर्षी लास वेगासची मोठी इव्हो. तिथं अंतिम फेरीत कोरियाचा नी हा दिग्गज समोर होता. अर्सलानचे ते सामने बघा. काझुमी हे पात्र घेऊन तो जवळजवळ काहीच करत नाही. एक लहान ठोसा, एक पाऊल मागं, थांबणं. समोरच्याला वाटतं आता आपली पाळी, आणि तिथंच तो सापडतो. २०२३ ला पुन्हा दोन्ही ठिकाणी जिंकला, २०२४ ला टेकन ८ वरही लास वेगासला जिंकला. तिकडची पोरं टोकन टाकून खेळायच्या दुकानांत तयार झाली. आमच्या ढेलजेत आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे.

तर टेकन ८.

दिसायला हा गेम अनरिअल इंजिन ५ वर उभा आहे आणि पावसात भिजलेल्या जिनच्या खांद्यावरून ओघळणारं पाणी बघायला मी सामना थांबवलेला आहे. सुरुवातीला ३२ पात्रं, आणि एकही भरतीचं नाही. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो, शाहीन अरबीत, ह्वोरांग कोरियनमध्ये, आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. पेरूची अझुसेना नावाची नवी पोरगी आलीय, कॉफीवेडी, मारता मारता कॉफीची जाहिरात करते. भारतातलं पात्र इतक्या वर्षांत टेकनमध्ये नाही. स्ट्रीट फायटरला निदान धालसिम आहे, कसाही का असेना. एक कुस्तीगीर द्या हो, लाल मातीतला. टेकनमधल्या किंग या कुस्तीगिराच्या पकडी बघून ढेलजेत आम्ही तेच म्हणायचो.

नव्या गोष्टींत मुख्य आहे हीट. प्रत्येक राउंडला एकदा, जास्तीत जास्त दहा सेकंद, तुमच्या गड्याच्या अंगातून ज्वाळा निघायला लागतात. त्या वेळात तुमचे वार समोरच्यानं अडवले तरी त्याचा थोडा थोडा जीव जातो. वर एक झेप मिळते, तीही अडवली तरी पुढची पाळी तुमचीच. शिवाय गेलेल्या जीवाचा काही भाग फिकट रंगात शिल्लक दिसतो आणि तो परत मिळवता येतो. कसा? तर मारून. थांबून नाही, अडवून नाही, लांब राहून तर नाहीच. चढाई करणाऱ्याला गेम पगार देतो आणि मागं सरणाऱ्याचा कापतो. हे माझं अनुमान नाही, आक्रमकता हेच या भागाचं सूत्र असल्याचं बनवणाऱ्यांनी सुरुवातीपासून सांगितलेलं आहे.

हे कसं घडतं ते एका राउंडमध्ये सांगतो. थोरल्या भावाचा ओंकार गणपतीला आला होता, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मी काझुया, तो ह्वोरांग. पहिली वीस सेकंदं माझी. दोन पावलं मागं, त्याची लाथ हवेत, माझी वीज, त्याचा अर्धा जीव गेला. मग त्यानं हीट लावली. एक लाथ मी अडवली, जीव खरचटला. दुसरी अडवली, पाळी त्याचीच. मागं सरकलो, तो झेपेनं अंगावर. बाजूला पाऊल टाकलं, लाथ वळून आली. पाठ भिंतीला लागली. आता दोनच पर्याय, वरचा वार येईल का खालचा, आणि त्याच्या सुरुवातीवरून ओळखण्याइतका वेळ नाही. अंदाज केला, चुकला. "काका, तुम्ही मागंच का पळताय? मारा की!" पोरगं तळमळून सांगत होतं. त्याला वाईट वाटत होतं माझं.

त्याच्या बाजूनं बघितलं तर तो बरोबर आहे. आठ खेळत तो मोठा झालाय, त्याच्यासाठी हा गेम म्हणजे हीट कधी लावायची आणि समोरच्याची कशी संपवायची. त्यातही डोकं लागतं. सामने बघायला तर हा भाग सातपेक्षा सरस आहे, दर दहा सेकंदांना काहीतरी पेटलेलं असतं. पण अर्सलानचं ते एक पाऊल, ते थांबणं, त्याला जागा उरत नाही असं नाही, जागा भाड्यानं घ्यावी लागते.

एप्रिल २०२५ मध्ये दुसरा सीझन, म्हणजे गेममधल्या मोठ्या बदलांचा नवा हप्ता, आला तेव्हा माझ्यासारख्यांना वाटलं, बचावाला काहीतरी मिळेल. तसं आधी बोललंही गेलं होतं. आलं ते उलटंच. बऱ्याच पात्रांना आणखी चढाईची हत्यारं. जगभरातले खेळाडू, नावाजलेले व्यावसायिकसुद्धा, उघड बोलले, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक अभिप्रायांचा ढीग पडला आणि बनवणाऱ्यांना घाईघाईनं दुरुस्त्या काढाव्या लागल्या. पुढच्या महिन्यांत बरंच सावरलं. आज जो आठ आहे तो त्या एप्रिलपेक्षा नक्की खेळण्याजोगा आहे.

पैशांचं वेगळं दुखणं आहे. गेम बाजारात आल्यावर साधारण महिन्याभरानं आत दुकान उघडलं, कपड्यांचे पैसे. मग बक्षिसं उघडण्यासाठी विकत घ्यायचा पास. मग एक मैदानही वेगळं विकायला काढलं, त्यावर ओरड झाली. आणि सुरुवातीच्या ३२ मध्ये एडी नव्हता! एप्रिल २०२४ मध्ये आला, वेगळे पैसे मोजून. ज्याच्यावर मामांनी बंदी घातली त्याच्यासाठी मी पैसे भरले, आणि पहिल्याच सामन्यात बसून लाथांची दोन्ही बटणं बडवली. अजून चालतं, काही प्रमाणात.

आता ज्यासाठी मी हा गेम कुणालाही घ्यायला सांगेन ती गोष्ट. हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावा. ते चालू असताना गेम कोपऱ्यात सांगतो, इथं तुम्ही अडवलंत, इथं हा ठोसा लागला असता. आणि तिथंच थांबवून तुम्ही आत शिरू शकता. त्याच जागी, त्याच क्षणी, समोरच्याची तीच चाल, आता तुमचं उत्तर बदला. ह्वोरांगच्या त्या लाथांच्या माळेत तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये फट आहे असं मला वाटायचं. आत शिरून ठोसा टाकून बघितला. लागत नाही. खाली बसून बघितलं. चौथी डोक्यावरून जाते, आणि उठता उठता मारता येतं. हे शिकायला ढेलजेत किती रुपये गेले असते, देव जाणे. तपासणीच्या कामात याला मूळ कारण शोधणं म्हणतात आणि त्यासाठी आमच्याकडं फॉर्म भरावा लागतो.

दुसरी म्हणजे भूत. तुमच्या खेळावरून गेम तुमची एक नक्कल तयार करतो, आणि दुसऱ्यांची नक्कल उतरवून तिच्याशी लढता येतं. ओंकार पुण्यात परत गेला, त्याचं भूत माझ्या पीसीवर आहे. त्याच्यासारखंच भिंतीपाशी आल्यावर उतावीळ होतं. माझ्या भुताशी तो लढला आणि निरोप पाठवला, "काका, हे पण मागंच पळतंय."

शिकणाऱ्यांसाठी एक सोपी पद्धत आहे, एक बटण दाबलं की ठरावीक चाली आपोआप निघतात. पाहुणे आले की ती चालू करून द्या, लहान मुलंही दोन मिनिटांत रमतात. आर्केड क्वेस्ट नावाचा धडे देणारा भाग जरा पोरकट आहे पण पहिल्यांदा खेळणाऱ्यानं तो टाळू नये. टेकन ३ मधला बीचवरचा चेंडूचा खेळ परत आलाय, त्यावर आमच्या घरात सर्वात जास्त आरडाओरडा होतो. गोष्टीचा भाग एका रविवारी संपतो, शेवटची बापलेकाची मारामारी थिएटरच्या लायकीची आहे.

ऑनलाइनला जाणार असाल तर वायफायवर जाऊ नका. समोरचा वायरवर आहे का वायफायवर ते सामना स्वीकारण्याआधी दिसतं, आणि वायफायचं चिन्ह बघून लोक नाकारतात, मीही नाकारतो. राऊटरपासून लांब केबल टाका, घरचे दोन दिवस अडखळतील, मग सवय होते. हरायला आलं की कनेक्शन तोडून पळणारेही भेटतात, त्यांच्यावर जीव जाळू नका. डिस्कवर शंभर जीबीच्या आसपास जागा मोकळी करून ठेवा. कंट्रोलर महागडा नको, दिशांची बटणं वेगळी आणि टणक असलेला कुठलाही चालेल; रबरी मऊ दिशांवर वीज निघत नाही.

२०२५ संपताना टेकनचे प्रमुख कात्सुहिरो हरादांनी तो बनवणारी कंपनी सोडली. इतकी वर्षं टेकन म्हटलं की काळा चष्मा घातलेला हा माणूस डोळ्यांसमोर यायचा. नववा भाग कधी आला तर तो दुसऱ्यांच्या हातचा असेल. त्यांना मराठीतून एकच मागणं, पळणाऱ्याचा पगार कापू नका.

तोवर घ्यायचा का नाही यात अडकला असाल तर डेमो फुकट आहे, तो आधी उतरवा. त्यात चौघं मिळतात: जिन, काझुया, पॉल आणि नीना. काझुयाच्या नादाला लागू नका, अंगठा जाईल. पॉल घ्या. खाली, खाली-पुढं, पुढं आणि उजवा ठोसा. समोरच्याचा वार हवेत जाईपर्यंत थांबा आणि मग टाका.